पळून आलेल्यांचं गाव

मुंबईतल्या प्लेगची गोष्ट सांगायची तर कागदांना तोटा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढच्या महिन्यात शास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. शहरात आठवड्याला किती माणसं दगावली हेसुद्धा छापील सापडतं. माहीमची खाडी ओलांडली की मात्र दप्तर पातळ होत जातं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा मुंबई नव्हतीच. साष्टी बेटावरची भातशेतीची, ताडांची, मिठागरांची ती गावं. महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली १९५० मध्ये. दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचायला १९५७ उजाडलं. त्याआधी इथे कोण कशाने गेलं, कुणाच्या घराला लागलेलं कुलूप पुन्हा उघडलंच नाही, याची नोंद असलीच तर चर्चच्या मृत्यूवहीत नाहीतर तलाठ्याच्या दप्तरात. बाकी सगळं म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात.

ते बोलणं या पुस्तकात एकत्र केलं आहे. उपासमार, साथीचे रोग आणि लहानपणचे खेळ असे तीन विषय एका बांधणीत का, असं वाचक विचारतील. मलाही आधी ती जोड विचित्र वाटली होती. पण आजीला दुष्काळाबद्दल विचारावं तर ती चिंचोक्यांबद्दल बोलते, चिंचोक्यांवरून खेळावर जाते आणि खेळावरून ज्या मैत्रिणीबरोबर ती खेळायची तिला देवी आल्या तिथे येऊन गप्प होते. विषयांचे कप्पे आपले असतात, सांगणाऱ्याचे नसतात.

असं काम याआधी मोठ्या प्रमाणावर झालं ते आयर्लंडमध्ये. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांनाच संकलक केलं. पाचेक हजार शाळांतल्या सुमारे पन्नास हजार मुलांनी आईबापांना, आजीआजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या. १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ, गावठी औषधं, पछाडलेल्या जागा, आपण खेळतो ते खेळ, असे विषय गुरुजींनी फळ्यावर लिहून द्यायचे. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. नव्वद वर्षांनी मुलांच्या वह्यांत त्याचं काय उरलं होतं? सरकारी लापशीची कढई कुठल्या वळणावर होती, कुठल्या शेतात माणसं पुरली, आणि कुठल्या गवतावर पाय पडला तर एकाएकी भुकेने पोटात खड्डा पडतो. या शेवटच्या गवतावर उतारा म्हणून खिशात पावाचा तुकडा ठेवून फिरायचं. आपल्याकडे तान्ह्या मुलाला बाहेर नेऊन आणलं की उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, त्या हाताला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे असं शाळांतून कुणी करून घेतलं नाही. जे झालं ते बायकांच्या ओव्यांचं झालं. साने गुरुजींनी, सरोजिनीबाई बाबरांनी गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. पण ओवीला जातं लागतं. उपनगरात पिठाची गिरणी आली, जातं दाराआड गेलं, आणि त्याच्यापाशी बसून मन मोकळं करायची जागाही गेली. इथल्या बायका नळाच्या रांगेत बोलल्या, रॉकेलच्या रांगेत बोलल्या, लोकलच्या डब्यात भाजी निवडताना बोलल्या. त्या बोलण्याला ना चाल, ना यमक, म्हणून ते कुणी टिपलं नाही.

या आठवणी वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. उपनगरातली बहुतेक घरं कशापासून तरी पळून इथे आली आहेत. शहरातून प्लेगला भिऊन आलेली, देशावरून दुष्काळाला कंटाळून आलेली, कच्छ-काठियावाडातून, कोकणातून आलेली. आणि जे मूळचे, म्हणजे आगरी, कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, वारली, ते या येणाऱ्यांकडे बघत आपल्या जागी राहिले; त्यांच्यापैकीही काहींना गाव सोडावं लागलंच. म्हणून इथल्या लोकस्मृतीचं पहिलं वाक्य बहुधा ‘आम्ही इथे आलो’ असं असतं, आणि संकट दुसऱ्या वाक्यात येतं.

आधी मूळच्यांचं बघू. अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात उद्योगक्षेत्राच्या कुंपणाच्या आत एक पडकं चर्च आहे. वर छप्पर नाही, भिंतींतून झाडं उगवलेली, आणि चारी बाजूंना दागिने घडवणाऱ्या आणि संगणकाच्या कंपन्या. पोर्तुगीज काळात, १५७९ मध्ये, जेझुइटांनी ते बांधलं. भोवती कोंडिविटा गाव होतं. जवळच्या महाकाली लेण्यांना जुने लोक कोंडिवट्याची लेणीच म्हणतात. १८४० मध्ये गावात साथ आली. माणसं गाव सोडून मरोळला गेली, तिथे नवं चर्च उभं राहिलं आणि जुनं तसंच सोडून दिलं. साथ सरल्यावर परत फिरणं झालं नाही. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि आता आत जायला फाटकावर परवानगी लागते. तरी वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो. मरोळची माणसं नीटनेटके कपडे करून, फाटकावर नावं सांगून, पूर्वजांच्या बिनछपराच्या देवळात जातात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या आजाराचं नावही कुणाला खात्रीने सांगता येत नाही. कुठून उठलो आणि कुठे गेलो, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. आणि २०२० मध्ये करोनाच्या रोग्यांसाठी महापालिकेने जी मोठी रुग्णालयं हाताशी धरली त्यांतलं एक याच मरोळात होतं. इतिहासाला असल्या योगायोगांची हौस असते, आपण त्यातून फार काही काढू नये.

प्लेगच्या खुणा याहून ठळक आहेत. वांद्र्यापासून अंधेरीपर्यंत आणि पुढेही ख्रिस्ती गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, कुणाच्या अंगणात दगडी क्रूस दिसतात. त्यातले बरेच प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. चौथऱ्यावर कोरलेलं साल बघितलं की कळतं. काही आता रस्तारुंदीत आलेत, काहींना बाथरूमच्या फरशा चिकटवल्या आहेत, एखादा इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे उभा असतो. मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात, लादीनच्या प्रार्थना गातात, उकडलेले चणे वाटतात. लहान मुलांना त्यातले चणेच लक्षात राहतात, आणि मला वाटतं स्मृती पुढे जायची तर ती अशीच जाते. क्रूस कशासाठी हे विसरलेल्या माणसालाही चण्यांची चव आठवते आणि मग कधीतरी तो विचारतो, हे आपण का करायचो?

शहरातून आलेल्यांची प्लेगची गोष्ट वेगळी. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसं बाहेर पडली होती. १९०१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. ज्यांना गाव होतं ते गावी गेले. ज्यांच्या गाठीशी पैसा होता त्यांनी वांद्रे, पार्ले, अंधेरीकडे मोकळी हवा शोधली. या घरांतल्या गोष्टींत उंदीर असतो. तुळईवरून, माळ्यावरून पुढ्यात पडलेला, तोंडाशी रक्त आलेला. उंदीर पडला की घर सोडायचं, हा नियम पोरासोरांनाही पाठ होता. मग काखेतली किंवा जांघेतली गाठ, दार ठोठावणारे गोरे सोजीर, उजेड आत यावा म्हणून उतरवलेली कौलं, भिंतींवर चुना, जमिनीवर औषधाचं पाणी, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर रंगवलेली यू.एच.एच. ही तीन अक्षरं. रोग्याला उचलून नेलं की घरची माणसं ‘कारंटीन’मध्ये. हा शब्द आजीच्या तोंडी जुनाच होता. २०२० मध्ये टीव्हीवर तो नव्याने ऐकून ज्या म्हाताऱ्यांना हसू आलं त्या मला माहीत आहेत.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत, देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. प्लेगला जे करायला वीसेक वर्षं लागली ते मानमोडीने काही महिन्यांत केलं. तरी घरांत प्लेगच्या गोष्टी दहा तर मानमोडीची एक, तीही अर्धवट. मला वाटतं मानमोडीला खलनायक मिळाला नाही. उंदीर नाही, सोजीर नाही, कौलं उतरवणं नाही, क्रूसही नाही. घरातले सगळे एकदम आडवे झाले, जे उठले ते कामाला लागले. गोष्ट सांगायला कुणाला तरी उभं राहून बघावं लागतं; मानमोडीत बघणाराच अंथरुणात होता.

देवी आणि पटकी यांची तऱ्हा निराळी, कारण त्यांना आधीपासून देव्हाऱ्यात जागा होती. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याजवळ जरीमरी नावाची वस्तीच आहे. रोज हजारो माणसं बसच्या पाटीवर ते नाव वाचतात. माहीमला शीतलादेवी आहे. घरात मुलाला देवी आल्या की फोडणी बंद, तळण बंद, चपला बाहेर, दारावर कडुलिंबाचा डहाळा. मुलाला कुणी रागे भरायचं नाही, कारण तेव्हा ते मूल नव्हतं, देवी होती. उतरल्यावर दहीभाताचा नैवेद्य. यातला देवभाव बाजूला ठेवला तरी रोग्याला शांतता, हलकं अन्न आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दारावरच खूण, एवढं या नियमांनी साधत होतं. जे त्यांना साधलं नाही ते लशीने साधलं. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती याच मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. आणि देशातला शेवटचा रोगी सापडला १९७५ मध्ये. त्या सुमारास देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस भिंतीभिंतींवर रंगवलेलं असे. त्या पिढीच्या दंडावर दोन गोल वण आहेत. शाळेत टोचणारे आले की पोरं पाठीमागच्या भिंतीवरून पळायची, आणि वण वाळले की कुणाचा मोठा यावर पैजा लागायच्या.

पटकीची मालकीण मरीआई. देशावरच्या गावांत साथ आली की तिचा गाडा काढून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. म्हणजे दुसऱ्या गावच्या हद्दीत. ते गाव मग त्याच्या पुढच्या शिवेवर नेऊन सोडी. याच्याकडे भाबडी श्रद्धा म्हणून कौतुकाने बघणाऱ्यांनी शेवटच्या गावाचा विचार करावा. मरीआईचा पोतराज मात्र उपनगरांतही येत राहिला: मोकळे केस, कमरेला चिंध्यांचं आभरान, पायांत घुंगरं, स्वतःच्याच अंगावर ओढलेला आसूड, आणि डोक्यावर देवीची पेटी घेऊन ढोलकं घुमवणारी बायको. घाटकोपरच्या चाळींत मी लहानपणी त्याच्या मागे मागे फिरलो आहे. तो गेला की आम्ही पोरं गोणपाटाचे तुकडे कमरेला बांधून सुतळीचा आसूड ओढायचो. मोठी माणसं ओरडायची, पण कशासाठी ते सांगायची नाहीत. नक्कल केली तर देवी कोपते, की ज्याला रोज हे पोटासाठी करावं लागतं त्याची थट्टा होते? आज मला दुसरं कारण पटतं. तेव्हा मोठ्यांच्या मनात बहुधा पहिलं असावं.

आता दुष्काळ. उपनगरात दुष्काळ पडत नाही, तो इथे राहायला येतो. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी-काठियावाडी घरांत छप्पनियाचं नाव अजून निघतं; विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. ताटात टाकणाऱ्या नातवाला त्या सालाची आठवण करून देतात. मराठी घरांत नाव निघतं बहात्तरचं, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाचं. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं लुटवली ती गोष्ट कीर्तनातली आणि पाठ्यपुस्तकातली, बहात्तर अंगावरचं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यांत जास्त आठवणारी खडी. मुठीएवढे दगड पायाच्या बेचक्यात धरून हातोडीने फोडायचे आणि ढीग मापायला मुकादमाची वाट बघत बसायचं. अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळे. त्याची भाकरी थापताना कडा फाटत, तव्यावरून उचलताना मोडे, गार झाली की चामट होई. हे खाणं तिकडे जनावरांना घालतात, अशी वदंता गावोगाव होती. लहान मुलांना सुकडी मिळायची. सुकडीबद्दल बोलताना मात्र चेहरे खुलतात. गोड होती. दुष्काळ म्हणजे सुकडी, एवढंच ज्यांना आठवतं अशी साठी ओलांडलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या आया त्या वर्षी काय जेवल्या हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही.

‘जगायला मुंबईला आलो’ असं ही माणसं म्हणतात. नोकरीला आलो, पैसे कमवायला आलो असं नाही. आल्यावर काम मिळालं ते पुन्हा दगडाचंच. भांडुपला क्वारी रोड आहे, मालाडला क्वारी रोड आहे. डोंगराच्या कडेने खाणी होत्या आणि त्यातल्या खडीवर मुंबईतल्या इमारती उभ्या राहत होत्या. गावाकडे सरकारी कामावर खडी फोडणारी बाई इथे ठेकेदाराच्या कामावर खडी फोडू लागली. फरक एवढाच की इथे संध्याकाळी पैसे हातात पडत. त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर आणि त्यांच्या सोबतिणींनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले. शहरी मध्यमवर्गाच्या आठवणीत बहात्तर म्हणजे लाटणी आणि डालडा-साखरेच्या रांगा. डोंगरावरच्या वस्तीत बहात्तर म्हणजे हातोडी. दोन्ही आठवणी एकाच रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेला राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

उपासाच्या या काळांनी घराला ज्या सवयी लावल्या त्या काळ सरल्यावरही राहतात. पाहुणे उठल्याशिवाय शेवटची भाकरी न मोडणं, पिठाचा डबा पूर्ण रिकामा होऊ न देणं, शिळ्या भाकरीचा कुस्करा. मुलांची नावंसुद्धा. आधीची मुलं साथीत गेली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, कचरू. मृत्यूने बघून न बघितल्यासारखं करावं म्हणून. मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणायचं, भीक मागून मिळाला म्हणून भिकाजी. या नावांना पुढे शाळेत हसलं गेलं आणि नातवंडांनी ती कागदपत्रांत आद्याक्षरात दडवली. एखाद्या नेमप्लेटवर ‘डी.’ किंवा ‘के.’ दिसला की मला तिथे एक साथ दिसते.

खेळांकडे येताना एक इशारा देऊन ठेवतो. इंग्रजी शाळांतली पोरं हातात हात धरून गोल फिरत जे गुलाबांचं गाणं म्हणतात ते लंडनच्या प्लेगवरचं आहे, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी, त्यात बालगीतांचा कोश करणारं ओपी दांपत्यही आलं, ती मोडीत काढली आहे. गाणं छापलं गेलं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो विसाव्या शतकात. तेव्हा आपल्या विषामृताचा किंवा शिवाशिवीचा संबंध कुठल्या साथीशी जोडायचा मोह होईल, तो आवरावा. स्पर्शाने बाद होणं आणि स्पर्शाने सुटणं हे जगभरच्या मुलांना सुचलेलं आहे. शिवाशिवीला हे नाव कुठल्या व्यवहारातून मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तो व्यवहार साथीचा नव्हता.

संबंध आहे तो वेगळ्याच जागी. मुलींच्या खेळाच्या पिशवीत काय असायचं ते बघा. सागरगोटे, चिंचोके, कवड्या, आंब्याच्या कोयी, फुटक्या कौलाच्या ठिकऱ्या. सागरगोटा म्हणजे काटेरी शेंगेतली राखाडी, गुळगुळीत, दगडासारखी बी. पाच घ्यायच्या. एक वर उडवायची, ती खाली येईपर्यंत जमिनीवरची एक उचलायची आणि वरचीही झेलायची. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एका मुठीत. मनगट सैल आणि नजर वर. जमिनीकडे बघणारी मुलगी हरलीच. हीच बी आजीच्या बाळगुटीच्या डबीतही असे. पोटदुखीला, तापाला तिचा गर सहाणेवर उगाळून एखाददोन वेढे द्यायचे. तान्हं रडायला लागलं आणि डबीतला संपलेला असला की खेळातला उचलून नेत. मोठ्या बहिणीचा डाव तिथेच मोडे. चिंचोके अर्धे फोडून, एक बाजू पांढरी एक काळी, फाशांसारखे टाकत. तेच चिंचोके वाईट वर्षात भाजून, सालं काढून, शिजवून खाल्लेले आहेत. आंब्याच्या कोयी पोरांनी नेम धरून उडवायच्या. तंगीत याच कोयींच्या आतला गर वाळवून, कडूपणा धुऊन पिठात मिसळला जाई. म्हणजे मुलांच्या हाती खेळायला म्हणून जे होतं तो घराचा शेवटचा साठाही होता. खेळणं विकत आणायची ऐपत नव्हती म्हणून असं झालं, हे उघड आहे. तरी ज्या मुलीने चिंचोके सोंगट्यांसारखे फेकले आणि त्याच वर्षी ताटात बघितले, तिच्या आठवणीत खेळ आणि दुष्काळ वेगळे कसे निघणार?

पावसासाठी निघणारी धोंडी तर खेळ की विधी हे ठरवताच येत नाही. पाऊस ताणला की देशावरच्या गावात एका पोराला कडुलिंबाच्या डहाळ्यांनी मढवत, काठीला किंवा मुसळाला बेडूक बांधत, आणि पोरांचा घोळका दारोदार पावसाला हाका मारत फिरे. बायका वरून घागरभर पाणी ओतत, वर भाकरी किंवा धान्य देत. पाण्याचा खडखडाट असताना पाणी ओतायचं. मोठी माणसं आभाळाकडे बघून खचलेली असताना ती मागणी मुलांच्या तोंडून जायची, आणि मुलांना भिजायला मिळायचं. उपनगरात आलेल्यांनी इथे धोंडी काढली नाही. त्याचं कारण सोपं आहे: इथे पाऊस मागावा लागला नाही, नळ मागावा लागला.

इथल्या खेळांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे भांडण. एका वाडीत कोकणातला, सातारचा, कच्छचा आणि गावठाणातला मुलगा लगोरी मांडायचे. कच्छ्याच्या घरी ती सातोलियुं, समोरच्या उत्तरेकडच्या बिऱ्हाडात पिठ्ठू. ठिकऱ्या सात हे सगळ्यांना मान्य. पण चेंडू टप्पा खाऊन लागला तर बाद की नाही, रचताना पायाने सारलेली ठिकरी चालते का, यावर प्रत्येकाच्या बापाच्या गावचा कायदा वेगळा. विटीदांडूतलं वकट, लेंड, मुंड, नाल हे मोजणं घाटावरच्यांचं, इतरांना ते मंत्रासारखं वाटे. अर्धा खेळ नियम ठरवण्यात जायचा आणि जो ठरे तो त्या वाडीपुरता. शेजारच्या वाडीत दुसराच. विटीदांडूला मैदान लागतं म्हणून तो आधी गेला. लगोरी, डब्बा ऐसपैस गल्लीत टिकले. ठिकरीची लंगडी जिन्याखालच्या चार फरश्यांवर सगळ्यांत शेवटपर्यंत. आरेच्या दुधाच्या बाटल्यांवरची चांदीची झाकणं, काड्यापेटीचे छाप, सिगारेटच्या पाकिटांचे तुकडे ही या वाड्यांची नाणी होती आणि त्यांचे भाव रोज बदलत.

पळणं अजून थांबलेलं नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं आणि पश्चिम रेल्वेवरची माणसं तोंडाला रुमाल बांधून बसली. २०२० च्या उन्हाळ्यात मुलुंड चेकनाक्यावरून नाशिकच्या रस्त्याला माणसं पायी निघाली, आणि कोकणात गेलेल्या चाकरमान्यांना त्यांच्याच गावाने शिवेवर अडवून शाळेत ठेवलं. मरीआईचा गाडा शिवेवर सोडणारं गाव आणि मुंबईकराला शिवेवर अडवणारं गाव एकच. लहान मुलं त्या वर्षी जिन्यात खेळली, नाहीतर खेळलीच नाहीत. त्यांच्याकडे सांगायला काय असेल हे आज कळणार नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारावं.

छपाईबद्दल थोडं. सांगणाऱ्यांची नावं गाळली आहेत, बोली जशीच्या तशी ठेवली आहे. ईस्ट इंडियन घरांतली मराठी वाचताना अडखळायला होईल. मोठ्याने वाचली की वाट सापडते. एकाच कुटुंबात एकाने १९७१ म्हटलं आणि दुसऱ्याने १९७३, तिथे दोन्ही सालं छापली आहेत. लगोरीच्या नियमांतही तडजोड केलेली नाही. आणि एक उणीव मोठी आहे. आरेच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांवरच्या वारली घरांतलं फारच थोडं यात आलं आहे, तेही आमच्यासारख्या बाहेरच्यांनी विचारून मिळवलेलं. रानातले कडू कंद पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत खाण्याजोगे करायचे कसे, कुठल्या वर्षी त्यांच्यावर दिवस काढले, जंगलाच्या कडेने पोरं काय खेळतात आणि वाघोबाच्या दगडापाशी कुठला खेळ खेळत नाहीत, हे पाड्यावर वाढलेल्याच कुणीतरी, आपल्या म्हाताऱ्यांशी आपल्या बोलीत बोलून लिहायला हवं. त्या पुस्तकाला माझ्यासारख्याची प्रस्तावना लागणार नाही.